चोवीस मीटरची चूक

अण्णा,

भिंत आहे. तुम्ही गेलात म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही. तुमच्या फोटोसमोर हात जोडून उभी होते तेव्हाही मनात हेच चाललं होतं, आणि काय पुटपुटताय असं वैनींनी विचारलं असतं, तर त्यांनाही हेच सांगितलं असतं. अरबी समुद्राच्या तळाखाली, तुमच्या कंपनीचा ब्लॉक आणि माझ्या कंपनीचा ब्लॉक यांच्या मधोमध खडकाची एक भिंत आहे. तिच्या अलीकडचं तेल पलीकडे जात नाही. तुम्ही आठ वर्षं म्हणत राहिलात की भिंतबिंत काही नाही, थर एकच आहे आणि माझ्या बाजूच्या विहिरी तुमच्या बाजूचं तेल ओढताहेत. याचा निकाल लवादापुढं लागला नाही आणि आपल्या दोघांतही लागला नाही.

तुमची कंपनी, माझी कंपनी असं आपण बोलायचो खरं, पण त्या कंपन्यांत आपलं काही नव्हतं. समुद्रात शेजारी शेजारी दोन ब्लॉक, म्हणजे तेल काढायला दिलेले दोन पट्टे, दोन वेगळे मालक आणि खाली तेल. पश्चिमेकडच्या मालकानं दावा ठोकला की पूर्वेकडचा आपलं तेल उपसतोय. लवाद बसला. पश्चिमेकडच्यांनी तज्ज्ञ म्हणून तुम्हाला नेमलं. तीस वर्षं समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर थरांचा दाब मोजण्यात घालवून तुम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला घर बांधून राहिला होता. पूर्वेकडच्यांनी मला नेमलं. मी तुमच्याहून सोळा वर्षांनी लहान, मुंबईची नोकरी सोडून कोल्हापुरात स्वतःचं काम सुरू केलेली आणि एवढ्या मोठ्या प्रकरणात पहिल्यांदाच उभी राहणारी. आपण नेमणाऱ्याच्या बाजूनं नाही तर जे खरं दिसेल ते बोलू, असं तज्ज्ञाला लिहून द्यावं लागतं. ते आपण दोघांनीही लिहून दिलं होतं.

दोघांचे पत्ते कोल्हापूरचे निघाले तेव्हा वकिलांची जी तारांबळ उडाली, ती तुम्ही शेवटपर्यंत रंगवून सांगायचात. माझ्याकडचे मुंबईचे वकील म्हणाले होते, "दोघंही कोल्हापूरचे म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर मिटवून टाकाल." तुम्ही लिंगायत, मी जैन. तो रस्सा आपल्या दोघांच्याही घरात कधी शिजलेला नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग कोल्हापूरचे कसले?" तुम्हाला हा किस्सा इतका आवडला की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो ऐकावा लागायचा, आणि दरवेळी त्या वकिलाचा आवाज तुम्ही आणखी बारीक काढायचात.

लवादाचा हुकूम असा होता की दोन्ही तज्ज्ञांनी वकिलांना बाजूला ठेवून एकत्र बसावं आणि एक संयुक्त टिपण तयार करावं. काय मान्य, काय अमान्य आणि का, एवढंच. टिपणावर दोघांच्या सह्या होईपर्यंत त्या टेबलावरचं बोलणं बाहेर जायचं नाही. मी म्हटलं, एखाद्या हॉटेलात बसू. तुम्ही फोनवर म्हणालात, "हॉटेल कशाला? कळंब्याला या की. तळ्यावरचं वारं हाय, डोकं चालतंय."

पहिल्या दिवशी मी तीन फायली आणि पोटभर संशय घेऊन आले. तुम्ही दारातच विचारलंत, "अक्का, दिवस मावळायच्या आत जेवता न्हवं? मग साडेपाचला कागद बंद." हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी शत्रूच्या गोटात आले होते आणि शत्रूच्या बायकोनं माझ्यासाठी बिनलसणाची शेंगाची चटणी कुटून ठेवली होती. वैनी वाढताना म्हणाल्या, "आमच्यात हिला चटणी म्हणत न्हाईत, पर खावा." तिसऱ्या दिवसापर्यंत मी तुम्हाला सर म्हणायचं सोडून अण्णा म्हणायला लागले होते, आणि त्याबद्दल स्वतःवरच थोडी चिडले होते.

तुमची कामाची पद्धत मात्र मला विचित्र वाटली. सगळीकडं तज्ज्ञ आपापलं म्हणणं लिहून आणतात आणि दोन्ही कागद एकमेकांना टाचले की झालं संयुक्त टिपण. तुम्ही कोरे कागद पुढं ठेवलेत आणि म्हणालात, "माझं म्हणणं तुम्ही लिव्हायचं, तुमचं मी लिव्हणार. वाचून समोरचा म्हणला पायजे, व्हय, हेच म्हणायचं हाय मला. मग खोडायचं." मला वाटलं, निवृत्त माणसाला वेळ आहे. तुमचं म्हणणं लिहायला मला दोन दिवस लागले आणि तुम्ही ते चार वेळा परत केलंत. चौथ्यांदा चष्मा कपाळावर सारून म्हणालात, "हे माझं म्हणणं न्हाय. तुम्हाला खोडायला सोपं जाईल असं केलेलं माझं म्हणणं हाय." मी रागावले होते, कारण ते खरं होतं.

मग तुम्ही माझं म्हणणं लिहायला घेतलंत. माझ्या अहवालाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. जमिनीखाली जितकं खोल जावं तितका दाब वाढतो. एकाच थरातल्या विहिरींचे आकडे कागदावर मांडले की ते एका रेषेत येतात. तुमच्या बाजूच्या विहिरी एका रेषेत होत्या आणि माझ्या बाजूची एक जुनी विहीर वेगळ्याच रेषेत दिसत होती. दोन रेषा म्हणजे दोन थर, आणि दोन थर म्हणजे मध्ये भिंत. तुम्ही हे सगळं माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत लिहीत गेलात. माझी बाजू इतकी बळकट दिसायला लागली की मला तुमची कीव आली. आकड्यांपाशी आलात आणि पेन थांबलं.

"अक्का, ह्या जुन्या विहिरीची खोली कुठनं धरलीसा?"

"समुद्रसपाटीपासून. सगळ्याच विहिरींची."

"बघा की एकदा."

मी फाईल काढली. ती विहीर कधीकाळी दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच रिगवरून, म्हणजे समुद्रात विहीर खोदायच्या मनोऱ्यावरून, खोदली होती, आणि त्या फाईलमधले आकडे समुद्रसपाटीपासूनचे नव्हते, रिगच्या मजल्यापासूनचे होते. तो मजला पाण्याच्या वर चोवीस मीटर उंच होता. ती उंची वजा करायला मी विसरले होते. घरच्या विहिरीत दोर सोडून खोली मोजावी आणि कठडा वजा करायचा राहून जावा, तसं. या कामात आलेल्याला पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट शिकवतात. मी तुमच्यासमोरच वजाबाकी केली. माझी वेगळी रेषा सरकली आणि तुमच्या रेषेवर जाऊन बसली.

तुम्ही हसला नाहीत. हसला असतात तर मला सोपं गेलं असतं. पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "आज हितंच थांबू. तीन दिवसांनी बसू. तवर तुमचा अहवाल तुम्ही दुरुस्त करून लवादाकडं पाठवा. मी कुणाला बोलणार न्हाय."

"तुमच्या वकिलांनासुद्धा नाही?"

"ह्या टेबलावरचं बाहेर जायचं न्हाय असा हुकूम हाय की. आणि चूक तुमची हाय, तर दुरुस्तीचा पहिला मानबी तुमचाच."

त्या तीन दिवसांत मी जे केलं ते सांगायला मला आठ वर्षं लागली. अहवाल मी दुरुस्त केला, आकडे बरोबर केले, रेषा एक झाली हेही मान्य केलं. वर एक वाक्य लिहिलं: "संबंधित विहिरीबाबत सुधारित माहिती उपलब्ध झाल्याने पुढील बदल करण्यात येत आहेत." माहिती कुणी उपलब्ध करून दिली, चुकलं कोण, यातलं काहीच त्यात नाही. त्यात चूक हा शब्दच नाही. ते एक वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली, आणि ते किती सफाईनं जमलं याचं त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

भिंतीचा आग्रह मी सोडला नाही. तो मात्र प्रामाणिक होता, हे तुम्हालाही ठाऊक होतं. रेषा एक आली म्हणजे थर एक, असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं असं की फार पूर्वी दोन्ही बाजू खालच्या एकाच पाण्याच्या दाबानं भरल्या, म्हणून रेषा एक दिसते, पण आज तेल या बाजूचं त्या बाजूला जात नाही. यावर तुम्ही म्हणायचात, मग आमच्या बंद ठेवलेल्या विहिरीचा दाब का उतरला? मी म्हणायची, तुमचं दाब मोजायचं यंत्र जुनं झालंय. यंत्राला नावं ठेवली की तुम्ही खरे चिडायचात.

मग मुंबईतली सुनावणी. मोठ्या हॉटेलातला एक हॉल, बाहेर लांब व्हरांडा, एका टोकाला चहाचं टेबल. माझा दुरुस्त अहवाल वाचून तुमच्याकडचे वकील आधी खूश झाले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की हीच चूक मी उलटतपासणीत उभी असताना बाहेर आली असती तर मी तिथंच संपले असते. त्यांनी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं. "तुम्हाला हे कधी कळलं होतं?" तुम्ही म्हणालात, "त्यांनी दुरुस्त करायच्या तीन दिवस आधी." "आणि आम्हाला सांगितलं नाही?" "लवादाचा हुकूम होता." ते वकील म्हणाले, "हुकूम की गाववाली बाई?"

मी चहाच्या टेबलापाशी होते. मला अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. जाऊन एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी होती, यांनी ती पकडली आणि नियम पाळला. दहा पावलांचं अंतर होतं. मी बिस्किट घेतलं आणि समोरची फाईल वाचत असल्यासारखं केलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत का, हे मला आजही माहीत नाही, कारण मी वर बघितलं नाही.

आठवड्याभरात दोन्ही कंपन्यांनी आपसात समझोता केला आणि लवादाला सांगितलं की निकालाची गरज नाही. भिंत आहे की नाही हे ठरवायची गरज कुणाला उरली नाही. म्हणजे आपण दोघं सोडून कुणाला.

पुढं जे झालं त्याची मला लाज वाटते, आणि ती इथं स्पष्ट लिहिते. वकिलांच्या वर्तुळात माझं नाव झालं. या बाई स्वतःची चूक स्वतःहून सुधारतात, असं. एकामागून एक कामं आली. तुमच्याबद्दल मात्र कुजबूज सुरू झाली की हा माणूस गावाकडचं कुणी समोर असलं की मऊ पडतो, आतून मिळालेला असतो. त्या प्रकरणानंतर तुम्हाला एकही काम आलं नाही. समुद्राखालचे थर तळहातासारखे माहीत असलेला माणूस घरात बसून राहिला, आणि लोक विचारत तेव्हा "आता वय झालं" म्हणून सांगत राहिला. तेव्हा तुम्ही चौसष्ट वर्षांचे होता आणि रोज सकाळी कळंब्याच्या तळ्याकाठी माझ्यापेक्षा भराभरा चालत होता.

तरी तुम्ही मला तोडलं नाहीत. दर रविवारी फिरायला बोलवायचात, आणि फिरणं म्हणजे भांडण. त्या गडहिंग्लजच्या फेरीची आठवण आली की मी अजून एकटीच हसते. तिथल्या कॉलेजात तुम्ही हौसेनं शिकवायला जायचात आणि एकदा मलाही घेऊन गेलात. एसटीत शेजारी बसून आपण जोरजोरात वाद घालत होतो. "तुमच्या बाजूच्यांनी ओढलं म्हणून आमच्या विहिरीचा जोर कमी झाला," असं तुम्ही म्हणालात तेव्हा पुढच्या बाकावरचे फेटेवाले आजोबा वळले.

"पावणं, भांडताय कशापायी? मोजणी करून घ्या. सामाईक विहीर दिसतीया. किती फुटावर हाय पाणी?"

"पाणी न्हाय ओ, तेल हाय," तुम्ही म्हणालात.

"तेल? कुठं?"

"समुद्रात."

आजोबांनी थोडा विचार केला. "मग मोजणीदाराला होडीतनं न्यायला लागंल," असं म्हणून ते पुन्हा पुढं वळले. तुम्ही निम्मा घाट संपेपर्यंत हसत होता. उतरताना त्या आजोबांना म्हणालात, "तुमच्यासारखा एक जरी लवादात असता तर निकाल लागला असता." माझ्या मते लागला असता, आणि माझ्या बाजूनं.

त्याच कॉलेजात तुम्ही पोरांना खोली कुठून मोजायची हे शिकवलंत. रिगचा मजला, समुद्रसपाटी, सगळं फळ्यावर काढलंत. एकानं विचारलं, "सर, एवढी साधी चूक कोण करतंय?" मी शेवटच्या बाकावर बसले होते. तुम्ही म्हणालात, "लई हुशार माणसं करत्यात. म्हणून दुसऱ्यानं बघायचं असतंय." माझं नाव घेतलं नाहीत, माझ्याकडं पाहिलंही नाहीत. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि तुम्हाला वाटलं मी दमले.

एकदाच, फक्त एकदाच, तळ्याकाठच्या बाकावर बसलो असताना तुम्ही सुरुवात केलीत, "अक्का, ते चोवीस मीटर..." आणि मी लगेच तुमच्या यंत्राला नावं ठेवायला लागले. तुम्ही चिडलात, वाद पेटला, आणि तो विषय तिथंच राहिला. तुम्हाला काय म्हणायचं होतं, अण्णा? माझ्यावर राग होता का? की तुमच्या लेकीच्या, गौरीच्या कानावर काही आलं होतं आणि तुम्हाला ते मला सांगायचं होतं? हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि ते मी स्वतःच्या तोंडानं घालवलं.

तुम्ही फिरून आलात आणि बूट काढता काढता गेलात. वैनींचा फोन आला तेव्हा मी रविवारी तुमच्यावर टाकायचा एक नवा मुद्दा लिहून काढत होते. चांगला मुद्दा आहे. दोन पानं झालीत. कुणाला दाखवू?

आता शोकसभेचं सांगते. शाहूपुरीतल्या छोट्या सभागृहात गर्दी झाली होती. गडहिंग्लजहून पोरं आली होती, तळ्याकाठचे फिरणारे आले होते. तुमच्याबरोबर प्लॅटफॉर्मवर काम केलेले एक गृहस्थ मुंबईहून आले होते. ते फार जिव्हाळ्यानं बोलले. बोलता बोलता म्हणाले, "शेवटच्या प्रकरणात समोर गावाकडचं माणूस आलं. अण्णांनी सांभाळून घेतलं. स्वतःच्या पक्षकाराचं नुकसान झालं तरी गाव सोडलं नाही. असा दिलदार माणूस." लोकांनी माना डोलावल्या. त्यांना ते कौतुक वाटलं. गौरी पहिल्या रांगेत होती. तुमची लेक तुमच्यासारखीच ताठ बसते. तिची मान खाली गेली. हीच गोष्ट तिनं कमी गोड शब्दांत याआधी ऐकलेली असणार.

माझं नाव वक्त्यांत नव्हतं. मी उठले आणि माईकपाशी गेले. आवाज चांगला लागला. मी म्हटलं, "ते गावाकडचं माणूस म्हणजे मी. अण्णांनी मला सांभाळून घेतलं नाही. माझ्या अहवालात चूक होती आणि ती माझ्याच बाजूच्या फायद्याची होती. मला सांभाळायचं असतं तर त्यांनी ती बघून न बघितल्यासारखं केलं असतं. त्यांनी ती पकडली, मला तोंडावर सांगितली, आणि लवादाचा हुकूम पाळून दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. त्यांच्या पक्षकाराचं नुकसान झालं नाही, उलट त्यांचीच बाजू बळकट झाली. नुकसान झालं ते अण्णांचं, कारण मी आठ वर्षं गप्प बसले." मग चोवीस मीटर म्हणजे काय तेही समजावलं. कंपन्यांची नावं घेतली नाहीत, तेवढा नियम मीही पाळला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मुंबईचे गृहस्थ उठून आले आणि म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं हो." मी म्हटलं, "कसं असेल? मी सांगितलंच नव्हतं."

नंतर कळंब्याला घरी गेलो. वैनींनी समोर ताट ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेल्या. त्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं असं मला वाटलं. तुम्ही त्यांना सांगितलं असणार, आणि तरी त्या आठ वर्षं मला वेगळं कुटून घालत राहिल्या. गौरी समोर बसली. ती तुम्हाला अप्पा म्हणायची आणि मला आत्या म्हणते, तुमच्या अक्कामुळं.

"आत्या, हे अप्पा असताना का न्हाई सांगितलासा?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"काम जाईल याची."

"अप्पांचं गेलंच की."

ती हे रागानं म्हणाली नाही. नुसतं सांगितलं. मी ताटातलं सगळं संपवलं आणि दिवस मावळायच्या आत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातातलं काम काढलं. दुसरंच प्रकरण आहे, दुसरा समुद्र, दुसऱ्या दोन कंपन्या, तेलाचा हिस्सा कुणाचा किती याचाच वाद. अहवाल सगळा लिहून झालाय. पहिल्या पानावर तज्ज्ञानं आपला अनुभव सांगायचा असतो. तिथं मी आधीच्या प्रकरणांच्या खाली लिहिलं: "यापूर्वीच्या एका प्रकरणात खोली मोजण्यात मी चूक केली होती. ती मला सापडली नव्हती. समोरच्या पक्षाचे तज्ज्ञ, कै. मल्लाप्पा, यांनी ती दाखवून दिली." वाचून बघितलं. या वाक्यांना दुपार लागली नाही.

दोन दिवसांनी वकिलांचा फोन आला. चांगला माणूस आहे, समजावून सांगत होता. "मॅडम, हे कुणी विचारलेलंच नाही. उलटतपासणीत पहिला प्रश्न यावरच येईल." मी म्हटलं, येऊ दे, उत्तर तयार आहे. "पक्षकार घाबरेल." मी म्हटलं, त्यांना सांगा की बाकीचे आकडे दोन माणसांकडून तपासून घेतलेत. तो म्हणाला, "ते वाक्य काढलंत तर बरं." मी नाही म्हटलं. आवाज चढवला नाही, तुमच्यासारखंच नुसतं नाही म्हटलं.

काल त्यांचं पत्र आलं. त्यांनी दुसरा तज्ज्ञ नेमलाय. सहा महिन्यांचं काम होतं, अण्णा, आणि माझं सगळ्यांत चांगलं काम होतं. मी गौरीला कळवलं. तिनं विचारलं, "वाईट वाटलं?" वाटलं. दिवसभर वाटलं. तुम्हाला आठ वर्षं काय वाटलं असेल ते मला काल पहिल्यांदा नीट कळलं. मग मी तो अहवाल पुन्हा उघडला, पहिलं पान तेवढं छापून ठेवलं, आणि पुढच्या कामाच्या कोऱ्या फाईलमध्ये सगळ्यांत वर लावलं.